सांगड : दाभोळची खाडी आणि घाटमाथ्यावरचा बाजार

मराठीत ‘घाट’ हा एकच शब्द दोन जागांना वापरला जातो. सह्याद्रीची उभी भिंत चढून जाणारी वाट हा घाट, आणि नदीच्या पात्रात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या हाही घाटच. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हे दोन्ही अर्थ सारखेच जवळचे आहेत. पश्चिमेच्या अंगाला कुंभार्लीचा घाट चिपळूणकडे उतरतो, तर पूर्वेच्या अंगाला वाई, संगम माहुली, कराड, औदुंबर, भिलवडी, सांगली आणि हरिपूर अशी कृष्णाकाठच्या घाटांची मालिका लागते. पहिल्या घाटाने उतरणारा माणूस खाऱ्या पाण्यापाशी पोहोचतो आणि दुसऱ्याने उतरणारा गोड्या पाण्यापाशी. या दोन पाण्यांवर जगणाऱ्या माणसांचे काम आणि त्या कामाने मागे ठेवलेला ठेवा हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

ज्या दोन जिल्ह्यांना समुद्राचा एक हातभरही किनारा नाही, तेथे मासेमारी बंदराचा विचार कशासाठी करावा, ही शंका रास्त आहे. बंदर म्हणजे जेथे तारू निर्धास्त नांगरता येते आणि माल उतरवता येतो अशी आडोशाची जागा, एवढीच व्याख्या धरली तर बंदर किनाऱ्याच्या रेषेवर संपते. परंतु मासेमारीचे बंदर निव्वळ आडोशावर चालत नाही. त्याला होडीसाठी लाकूड लागते, जाळ्यासाठी सूत लागते, मासळी टिकवण्यासाठी मीठ लागते, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे पकडलेली मासळी विकत घेणारा, स्वतः मासे न मारणारा माणूस लागतो. कोकणच्या किनाऱ्याला असा माणूस जवळपास पुरेशा संख्येने कधीच नव्हता, कारण तेथे घराघराला खाडी, ओढा किंवा नातलगाची होडी होती. खरे गिऱ्हाईक घाटावर होते. म्हणून दाभोळ, हर्णै किंवा चिपळूणजवळचे गोवळकोट या बंदरांचा इतिहास कराड, सातारा आणि सांगलीच्या बाजारपेठा वगळून लिहिला तर तो अर्धाच राहतो, आणि तो आजवर बहुधा अर्धाच लिहिला गेला आहे.

या दोन टोकांना जोडण्यासाठी मराठीतलाच एक शब्द उपयोगी पडतो. ‘सांगड’ म्हणजे दोन होड्या, दोन ओंडके किंवा वाळलेल्या भोपळ्यांचा जुडगा एकत्र बांधून केलेले तरते साधन. पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडायला आणि खोल डोहात जाळे टाकायला भोई आणि कोळी सांगड वापरीत. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यामागचा भोपळा आठवतो. किनारा आणि देश यांची अशीच एक सांगड शतकानुशतके घातलेली होती.

तिचा भूगोल आधी ध्यानात घ्यावा लागतो. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. त्यांपैकी सावित्री कडा उतरून पश्चिमेला बाणकोटच्या खाडीकडे जाते, आणि कृष्णा पूर्वेची वाट धरून आंध्रच्या किनाऱ्याला मिळते. कोयना मात्र प्रथम सह्याद्रीच्या रांगेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे, सुमारे पासष्ट किलोमीटर वाहते आणि हेळवाकपाशी एकदम काटकोनात पूर्वेला वळून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. ज्या हेळवाकपाशी नदी वळते, तेथूनच कुंभार्लीचा घाट पश्चिमेला उतरतो. त्याच्या पायथ्याच्या मुलखातून वाहणारी वाशिष्ठी नदी चिपळूणच्या अंगाने पुढे जाऊन, गोवळकोटच्या खाली रुंद खाडीचे रूप घेत, उत्तर तीरावरच्या दाभोळ आणि दक्षिण तीरावरच्या अंजनवेल यांच्यामधून समुद्राला मिळते. म्हणजे कोयनेच्या कोपरापासून दाभोळच्या मुखापर्यंत जवळजवळ सलग अशी उतरण निसर्गानेच करून ठेवलेली आहे, आणि माणसाच्या पायवाटेने ती फार लवकर ओळखली.

किती लवकर, याचा अंदाज कराडवरून येतो. मध्य भारतातील भारहूतच्या स्तूपावरील दानलेखांत ‘करहाकट’ नगरीचा उल्लेख आहे. ती नगरी म्हणजे आजचे कराड, असे अभ्यासक मानतात. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेणी आणि घाटाखाली दापोली तालुक्यात पन्हाळे काजी येथील लेणी-समूह ही दोन्ही एकाच व्यापारी मुलखाच्या दोन पायऱ्यांवरची विश्रांतिस्थाने म्हणून पाहता येतात. लेणी, व्यापारी आणि बंदर यांचे साहचर्य पश्चिम महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी दिसते की त्याला योगायोग म्हणता येत नाही. मध्ययुगात या वाटेचे वजन वाढले. बहमनी काळात दाभोळ हे घोड्यांच्या आयातीचे मोठे बंदर होते, आणि पंधराव्या शतकात हिंदुस्थानात येऊन गेलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच निघाला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. आदिलशाहीत वाईच्या सुभ्याशी संबंध असलेल्या अफझलखानाची जहाजे दाभोळ बंदरात होती, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली खान मारला गेल्यानंतर ती राजापूरकडे हलवली गेली. ही एक लहान नोंद वाटते, पण जावळी-वाईच्या डोंगरात सत्ता गाजवणाऱ्या सरदाराचे हितसंबंध खाडीच्या मुखापर्यंत कसे पोहोचलेले असत, हे तिच्यातून स्वच्छ दिसते.

पुढच्या शतकात तर समुद्राचा मालकच साताऱ्यात होता, असे म्हणता येते. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, आणि १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहूंच्या पक्षात आले. मराठ्यांचे आरमार चालवणारा ‘सरखेल’, म्हणजे नौदलाचा प्रमुख, तेव्हापासून साताऱ्याच्या गादीचा सेवक ठरला. समुद्रापासून डोंगराच्या एवढ्या अलीकडे बसून समुद्राविषयी निर्णय घेणारी ही राजधानी होती, आणि निर्णयांची कारणेही अनेकदा घाट चढूनच वर येत. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी, जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंजनवेल येथील अंमलदार सिद्दी सात याच्या १७२७ मधील हल्ल्यानंतर, घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला स्थायिक झाले आणि सिद्दीविरुद्धच्या मोहिमेसाठी त्यांनी साताऱ्याच्या दरबारात सतत आग्रह धरला. १७३६ मध्ये सिद्दी सात चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत मारला गेला, आणि अंजनवेल १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतले. हा राजकीय इतिहास सातारकरांना परिचित आहे. त्या आरमाराच्या गलबतांवर वल्ही मारणारे हात बहुतांशी मासेमारी करणाऱ्या जातींचे होते, ही गोष्ट मात्र बखरींत आणि पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

त्या हातांचे काम आता जवळून पाहावयाचे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातील मासेमारी मुख्यतः कोळी, खारवी, दालदी आणि दक्षिणेकडे गाबीत या समाजांच्या हाती राहिली, तर दाभोळच्या खाडीत, मुखापासून चिपळूणपर्यंतच्या काठावर, ती प्रामुख्याने भोई समाजाच्या हाती आहे. खाडीतली मासेमारी ही समुद्राची लहान आवृत्ती नव्हे, कारण तिचे घड्याळच वेगळे असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असतो, त्या जोराच्या पाण्याला ‘उधाण’ म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास पाणी मंद असते, त्याला ‘भांग’ म्हणतात. भरतीची वेळ काढण्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही येतो. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, येईल तेवढ्या वाजता स्थूलमानाने पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, हे ज्योतिषाचे ज्ञान येथे पोटाच्या हिशेबात उतरलेले आहे, आणि रात्री-अपरात्री होडी केव्हा सोडायची हे पंचांगाच्या या एका रकान्यावर ठरते.

जाळ्यांची नावे हीच या व्यवसायाची परिभाषा आहे. ‘डोल’ हे नरसाळ्याच्या आकाराचे, मागे निमुळते होत जाणारे मोठे पिशवीजाळे. ते प्रवाहात खांबांच्या आधाराने पक्के बांधतात आणि भरती-ओहोटीचे पाणीच त्यात मासळी भरते. त्याचे खाडीतले धाकटे भावंड म्हणजे ‘बोकशी’. ‘रापण’ हे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. ते ओढायला अख्खी वाडी लागते आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या रीतीने ‘वाटे’ पडतात. आणि ‘पाग’ हे एकट्या माणसाचे, हाताने फेकायचे गोल जाळे. पाग फेकणारा गुडघाभर पाण्यात उभा राहतो, जाळ्याची दोरी मनगटाला अडकवतो, जाळ्याचा एक पदर कोपरावर घेतो, उरलेला हातात सांभाळतो आणि कमरेतून वळून झोकतो. जाळे हवेत उघडून पूर्ण वर्तुळ होते, कडेच्या शिशाच्या गोळ्या एकाच वेळी पाण्यावर पडतात आणि पावसाची सर आल्यासारखा आवाज होतो. वर्तुळ एका बाजूला चेपले तर मासा त्याच बाजूने निसटतो. या क्रियेला मराठीत ‘पागणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. नायलॉन येण्यापूर्वी ही जाळी सुताची असत, कुजू नयेत म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात ती बुडवून काढावी लागत, आणि तो ऐन वाढत होता सह्याद्रीच्या उतारावर. जंगल आणि जाळे यांचा हा संबंध तुटला, तसे सालीचा काढा करण्याचे ज्ञानही एका पिढीत विस्मरणात गेले.

पुरुष पाण्यात आणि स्त्रिया काठावर, अशी या कामाची विभागणी सांगितली जाते, ती अर्धवट खरी आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून कालवे फोडणे आणि चिखलातून तिसऱ्या वेचणे ही मासेमारीच आहे, आणि ती स्त्रियांनीच केलेली आहे. त्याखेरीज मासळी निवडणे, खारवणे, वाळवणे आणि विकणे, म्हणजे नाशवंत वस्तूचे पैशात रूपांतर करणे, हा व्यवसायाचा दुसरा अर्धा भाग पूर्णपणे त्यांच्या अंगावर असतो. उधार कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे घरात त्याच ठरवतात.

दाभोळच्या उत्तरेला असलेले हर्णै हे या पट्ट्यातले मोठे मासेमारी बंदर. तेथे सुवर्णदुर्गाच्या समोर, पाण्यात, होड्या दूर नांगरलेल्या असतात, कारण वाळूचा किनारा उथळ आहे. मासळी छोट्या होड्यांतून किनाऱ्याजवळ येते आणि तेथून बैलगाडीने. बैल पोटापर्यंत समुद्रात उभे, गाडीची चाके अर्धी लाटांत, आणि वरून टोपल्या उतरत आहेत, हे दृश्य पाहण्यासाठी पर्यटक येतात, परंतु तो देखावा नसून धक्क्याच्या अभावी माणसाने काढलेला मार्ग आहे. वाळूवर मासळीचे ढीग लागतात आणि लिलाव सुरू होतो. ओरडून बोली करणारा, भोवती उभे व्यापारी, त्यांच्यामागे बर्फ फोडणारे, आणि त्याही मागे घाट चढायला तयार असलेले टेम्पो, अशी वर्तुळामागून वर्तुळे उभी राहतात. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून होडीचा मालक, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य, आणि खलाशी यांचे हिस्से निघतात. आज या खलाश्यांत नेपाळमधून आलेली तरुण मुलेही मोठ्या संख्येने आहेत. समुद्र कधीही न पाहिलेल्या डोंगरातली माणसे कोकणच्या होड्यांवर चढावीत, यात मराठी माणसाने नवल मानण्याचे कारण नाही, कारण घाटावरच्या माणसांनी आरमारात चाकरी केलेली आहेच.

बर्फ हा या व्यवसायातला फार अलीकडचा पाहुणा आहे. त्याच्या आधी घाट चढू शकत होती ती फक्त सुकी मासळी, आणि सातारा-सांगलीच्या खाद्यसंस्कृतीत बंदराने टाकलेला सर्वांत टिकाऊ ठसा तोच आहे. ‘जवळा’ म्हणजे अतिशय बारीक कोळंबीसारखा जीव, तो वाळूवर किंवा सारवलेल्या खळ्यावर पसरून वाळवतात. ‘सोडे’ म्हणजे सोललेली, वाळवलेली कोळंबी. ‘बोंबील’ उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, मुंबई-पालघरच्या बाजूला, बांबूच्या आडव्या काठ्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगतात, त्या मांडवाला ‘वलांडी’ म्हणतात. बांगडा मात्र चिरून, मीठ भरून खारवावा लागतो, आणि त्यामुळे मिठाची किंमत ही मासळीच्या किमतीतला मोठा भाग ठरते. ब्रिटिश अमदानीत मिठावर जबर कर बसला तेव्हा खारवणे परवडेना, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर सरकारने कुंपण घातलेली खास आवारे काढून तेथे स्वस्त मीठ देण्याची व्यवस्था केली होती. मिठाच्या कराची चर्चा १९३० च्या सत्याग्रहाच्या संदर्भात नेहमी होते, पण खाऱ्या बांगड्याच्या संदर्भात तो कर रोजच्या रोज भरला जात होता.

वर येणाऱ्या मालात मीठ, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी, आणि खाली जाणाऱ्या मालात गूळ, मिरची, हळद, ज्वारी आणि कांदा, असा हा सौदा पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी कुंभार्लीच्या आणि आजूबाजूच्या घाटांतून चालवला. वाटेवर जंगली जयगड आणि भैरवगड, तर पाटणच्या बाजूला दातेगड, अशी पहाऱ्याची ठाणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली, आणि देशावरचा माल चिपळूणऐवजी मुंबईच्या दिशेने वळला. गोवळकोटच्या खाडीवरची गलबते कमी झाली ती त्यानंतर. सुकी मासळी मात्र घाटाने येतच राहिली, कारण तिचे गिऱ्हाईक रेल्वेच्या स्थानकावर नव्हते, खेड्यातल्या आठवडी बाजारात होते.

या बाजारातला सुक्या मासळीचा कोपरा डोळ्यांच्या आधी नाकाला सापडतो. तरटावर जवळ्याचा फिकट गुलाबी ढीग, शेजारी बोंबलाच्या जुड्या, वाकट्यांचे चकचकीत पट्टे, आणि मागे बसलेली विक्रेती बाई. गिऱ्हाईक बोंबील हातात घेऊन वाकवून पाहते. तो मऊ लागला तर ओलसर आहे आणि पावसाळ्यात टिकणार नाही, कडक मोडला तरच तो घ्यायचा. खरेदीचा मुख्य काळ उन्हाळ्याची अखेर, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ज्या महिन्यांत नदीला पूर असतो, भाजी महाग असते आणि समुद्रात होडी जात नाही, त्याच महिन्यांत मूठभर सुकट तव्यावर भाजून, कांदा आणि कांदा-लसणाची चटणी घालून परतली की चार माणसांची ज्वारीची भाकरी निघते. पेरणीच्या आणि भांगलणीच्या दिवसांत शेतमजुराच्या घरात प्रथिनांचा हा मोठा आधार राहिला आहे. या कालवणाला गरिबाचे जेवण म्हणून कमी लेखण्याची सवय शहरी मराठी घरांना लागली, ती चुकीची आहे. खाली गेलेली मिरची आणि वर आलेली मासळी जेथे एकत्र येतात, त्या तव्याइतके दोन मुलखांच्या व्यवहाराचे स्वच्छ साक्षीपत्र दुसरे नाही.

भोई हे नाव घाटाच्या दोन्ही अंगांना आहे, आणि हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत भोई या नोंदीखाली ‘खाडी भोई’, ‘खारे भोई’, ‘झिंगा भोई’, ‘राज भोई’ आणि ‘नावाडी’ अशी पोटनावे एकत्र येतात. या सर्वांचे मूळ एक आहे असा दावा येथे केलेला नाही, परंतु कामाचे साम्य निर्विवाद आहे. पालखी वाहणे, नदीपार नाव नेणे आणि मासे धरणे या तीन कामांत एकच कौशल्य आहे, ते म्हणजे अस्थिर तळावर वजन तोलण्याचे. कृष्णाकाठच्या भोयांनी मरळ, वाम आणि शिंगाडा हे मासे पागाने आणि गळाने धरले, यात्रेकरूंना औदुंबरला आणि सांगलीच्या आसपास नावेने पैलतीरी नेले, आणि पूल झाल्यावर त्यांच्या नावा काठाला लागल्या. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस आटवण्याची मोठी लोखंडी कढई, पुराच्या वेळी होडीसारखी वापरण्याची रीत याच मुलखातली, आणि कृष्णेच्या पात्रात दरवर्षी भरणाऱ्या होड्यांच्या शर्यती हा त्या वल्हवण्याच्या परंपरेचा आजही जिवंत असलेला भाग आहे. खिलार बैलांच्या शर्यतींची जेवढी चर्चा होते, तेवढी या शर्यतींची व्हायला हवी.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या दोन पाण्यांची सांगड वेगळ्या रीतीने, आणि काठच्या लोकांना न विचारता, घातली गेली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी साठवतो. हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन, सह्याद्रीच्या पोटातल्या पोफळीच्या वीजगृहात शेकडो मीटर खाली सोडले जाते. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला, आणि आज सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वीज तयार झाल्यावर हे पाणी वाशिष्ठीत उतरते. जी नदी एरवी उन्हाळ्यात रोडावली असती, ती बारमाही झाली, आणि चिपळूणच्या खालच्या खाडीत भरतीच्या खाऱ्या पाण्याला साताऱ्याचे गोडे पाणी वर्षभर भेटू लागले. खाडीचे जीवन खारेपणाच्या प्रमाणावर अवलंबून असते. कोणते कालव कोठवर वाढेल आणि कोणता मासा कोठवर वर येईल हे त्यावर ठरते. या बदलाचे फायदे-तोटे मोजताना वीज, सिंचन आणि पिण्याचे पाणी यांचा हिशेब मांडला गेला, खाडीतल्या बोकशीचा कोणी मांडला नाही. घाटमाथ्यावर, जलाशयाच्या काठीही, जाळ्याची कथा वेगळी नाही. हा परिसर १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाल्यावर तेथल्या पाण्यातल्या मासेमारीवर निर्बंध आले. वाघाचे रक्षण आवश्यकच आहे, परंतु आधी गाव पाण्याखाली आणि मग पाणी हाताबाहेर, अशी दुहेरी किंमत ज्यांनी दिली, त्यांचा उल्लेख त्या रक्षणाच्या कथेत आला पाहिजे.

दोन्ही उतारांवर आज एकसारखी संकटे दिसतात. दाभोळ खाडीतील भोई समाजाने लोटे-परशुराम औद्योगिक परिसरातून येणाऱ्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध दीर्घकाळ आंदोलने केली. मेलेली मासळी काठाला लागणे हे तेथे अनेकदा घडले आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेच्या पात्रात हजारो मासे मेलेले आढळले. नदीत मूळच्या जातींच्या जोडीला ‘चिलापी’ म्हणून ओळखला जाणारा परदेशी तिलापिया माजला आहे, आणि खडशी नावाने ओळखला जाणारा दख्खनचा महाशीर, ज्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेच्या पाण्यातून केले, तो या भागातल्या जाळ्यात क्वचितच येतो. पूरही आता दोन्हीकडे एकाच वेळी येतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले आणि त्याच आठवड्यात सांगलीत कृष्णेने धोक्याची पातळी ओलांडली. कड्यावर पडलेला तो एकच पाऊस होता, दोन दिशांना गेलेला. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतल्या प्रत्येक घराला पाठ आहे, जशी किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट पाठ असते. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेले, आणि ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. नावेचे ज्ञान ही गतकाळाची हौस नाही, हे त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन कळले. ज्या समाजाकडे ते ज्ञान होते, त्याच्या नावा आपण पन्नास वर्षे काठाला कुजू दिल्या होत्या.

वारसा म्हणून दाभोळमध्ये काय दाखवले जाते, याची यादी केली तर देखणी शाही मशीद, समोरच्या तीरावरचा अंजनवेलचा गोपाळगड, हर्णैला सुवर्णदुर्ग, अशी दगडी नावे येतात. ती जपली पाहिजेतच. परंतु ऐनाच्या सालीचा काढा, पागाची वीण, वाट्यांचा हिशेब, भांग-उधाणाचे गणित, घाटातल्या बैलतांड्यांचे मुक्काम आणि बाजारातल्या सुक्या मासळीची परीक्षा यांना दगडाचे शरीर नाही, आणि त्यामुळे त्यांची नोंद कोणत्याही संरक्षित स्मारकांच्या यादीत होणार नाही. ती नोंद वहीत व्हावी लागेल. कराड आणि सांगलीच्या महाविद्यालयांतील मराठी, इतिहास आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात कुंभार्ली उतरून खाडीकाठी आणि पुढच्या उन्हाळ्यात कृष्णेच्या घाटांवर बसून हे शब्द आणि त्यांमागची कामे लिहून काढली, तर एका पिढीचे काम दोन वर्षांत उभे राहील. त्यासाठी प्रथम जायचे ते जाळ्याकडे नव्हे, आठवडी बाजारातल्या तरटाकडे, कारण माल कोणत्या बंदराचा, कोणाच्या हातचा आणि कोणत्या वाटेने आला हे त्या बाईला ठाऊक असते, आणि तिच्या बोटाच्या दिशेने मागे चालत गेले की खाडी आपोआप लागते. मे महिना सरता सरता तिचा ढीग संपतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद राहते, आणि खाडीकाठी म्हातारी माणसे ओसरीवर बसून जुनी जाळी दुरुस्त करीत असतात. ते एकसष्ट दिवस त्यांना बोलायला वेळ असतो.